परदेशी सून, परदेशी जावई आणि भारतीय नागरिकत्व: मुक्कामाचा हिशेब

भारतीय माणसाशी लग्न केलं म्हणून कुणी आपोआप भारतीय होत नाही. लग्नामुळे मिळतो तो फक्त अर्ज करायचा हक्क. नागरिकत्व मिळतं ते मुक्कामावर, आणि हा मुक्काम दिवसांत मोजला जातो, तारखांनी सिद्ध करावा लागतो. पार्ले, माहीम, मुलुंड, बोरिवली, सगळीकडे आता अशी घरं आहेत जिथे सून जर्मनीची आहे किंवा जावई ब्राझीलचा. संसार दहा-दहा वर्षांचा झालेला असतो, आणि नागरिकत्वाचा विषय निघतो तेव्हा लक्षात येतं की जुना पासपोर्ट माहेरी राहिला, मधली अडीच वर्षं सिंगापूरला गेली, आणि एकदा व्हिसा वाढवायला नऊ दिवस उशीर झाला होता. यातली एकेक गोष्ट अर्ज अडवायला पुरेशी आहे. ज्यांचं लग्न आत्ता ठरतंय त्यांनी हे आधी वाचावं. ज्यांची सात वर्षं भरत आली आहेत त्यांनी तर वाचावंच.

नागरिकत्व कायदा १९५५चा. त्यातल्या कलम ५ मध्ये ‘नोंदणीने नागरिकत्व’ आहे आणि भारतीयाच्या जोडीदारासाठी त्यात दोन दारं आहेत. पहिलं ५(१)(सी): भारतीय नागरिकाशी विवाहित असणं आणि अर्जापूर्वी सात वर्षं भारतात वास्तव्य असणं. दुसरं ५(१)(जी): ओसीआय कार्ड (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, म्हणजे परदेशी नागरिकत्व ठेवून भारतात राहायची मुभा देणारं कार्ड) घेऊन पाच वर्षं झालेली असणं आणि अर्जाच्या आधीचे बारा महिने भारतात राहिलेलं असणं. बहुतेकांना पहिलंच दार माहीत असतं, कारण ‘लग्नानंतर सात वर्षांनी मिळतं’ असं ऐकलेलं असतं. त्या वाक्यात दोन चुका आहेत. मोजणी लग्नापासून होत नाही, वास्तव्याची होते. आणि सात वर्षं म्हणजे कुठलीही सात वर्षं नव्हेत.

कायद्यानेच सात वर्षांची फोड करून दिली आहे. अर्जाच्या लगेच आधीचे बारा महिने संपूर्ण भारतात. त्या बारा महिन्यांच्या मागची जी आठ वर्षं, त्यांत मिळून किमान सहा वर्षं भारतात. एक आणि सहा, सात. उदाहरण घेऊ. अर्ज १ जुलै २०२६ ला करायचा आहे. मग १ जुलै २०२५ ते ३० जून २०२६ या काळात देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही. त्यामागची आठ वर्षं म्हणजे १ जुलै २०१७ ते ३० जून २०२५. या आठ वर्षांत बाहेर काढलेले सगळे दिवस मिळून दोन वर्षांच्या आत बसले पाहिजेत. वर्षाला सरासरी तीन महिने माहेरी गेलात तर कसंबसं बसतं. मधे नवऱ्याच्या नोकरीसाठी सलग अडीच वर्षं बाहेर राहिलात, तर उरलेली सगळी वर्षं मुंबईत काढूनही बसत नाही. अशा वेळी अर्ज पुढे ढकलायचा. नऊ वर्षांची ही खिडकी पुढे सरकते तसे जुने गैरहजेरीचे दिवस मागे पडतात, आणि एक दिवस हिशेब जुळतो. तो दिवस आजच काढून ठेवता येतो.

अगदी काठावर मात्र अर्ज करू नका. निघाल्याचा दिवस बाहेरचा धरायचा की भारतातला, यावर अधिकाऱ्याच्या टेबलावर वाद होऊ शकतो. महिना-दोन महिने जास्तीचे हातात ठेवले की तो वाद उद्भवतच नाही.

शेवटच्या बारा महिन्यांबद्दल कायदा फार कडक आहे. चार दिवसांची बँकॉकची सहलसुद्धा सलगता मोडते. २०१५च्या दुरुस्तीने केंद्र सरकारला यात जास्तीत जास्त तीस दिवसांची सूट द्यायचा अधिकार दिला. ते तीस दिवस तुकड्यांतही चालतात, पण ‘विशेष परिस्थिती’ लेखी नोंदवून. आईचं ऑपरेशन, वडिलांचं निधन हे त्यात मांडता येतं, म्हणून हॉस्पिटलचे कागद, मृत्यूचा दाखला, तिकिटं, सगळं जपून आणायचं. माझं स्पष्ट मत आहे की तीस दिवस फार कमी आहेत. जिचे आईवडील दुसऱ्या खंडात म्हातारे होत आहेत, तिला एक अख्खं वर्ष त्यांच्याकडे जाऊ नको म्हणणं हे निर्दयपणाचं आहे. सूट साठ-नव्वद दिवसांची असती तर देशाचं काही बिघडलं नसतं. पण नियम आज असा आहे, आणि त्याप्रमाणेच वर्ष निवडायला हवं: घरात मोठं आजारपण नाही, लग्नकार्य नाही असं वर्ष.

आता हे दिवस सिद्ध कसे करायचे ते बघू. लग्न झाल्यावर पहिल्या महिन्यातच एक तक्ता करा. भारतातून निघाल्याची तारीख, परत आल्याची तारीख, कुठल्या विमानतळावरून, कुठल्या पासपोर्टवर (नंबर), आणि शिक्का कुठल्या पानावर आहे. हा शेवटचा रकाना सगळे विसरतात आणि नेमका तोच कामाचा असतो. नऊ वर्षांत पासपोर्ट एकदा तरी बदलतो. काही देश नवा देताना जुना परत घेतात, म्हणून जमा करण्याआधी कोरी पानंसुद्धा धरून सगळ्या पानांची रंगीत स्कॅन कॉपी काढा. शिक्के नेहमी नीट उमटत नाहीत. कधी शाई पसरलेली असते, कधी एकावर एक शिक्का बसतो, आणि ३ की ८ ते कळत नाही. मुंबई विमानतळावर काउंटर सोडण्याआधी तिथेच उभं राहून तारीख वाचायची. रांग मागे असली तरी वाचायची. तारीख पुसट असेल तर तिथल्या तिथे सांगितलं की दुसरा शिक्का मारून मिळू शकतो. घरी आल्यावर सांगून उपयोग नाही.

पूर्वी पुसट शिक्का असला तरी समोरच्या देशाच्या शिक्क्यावरून ताळा लागायचा. तो आधार आता कमी होतोय. युरोपातल्या शेंगेन देशांनी ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्यांच्या जागी संगणकीय नोंद सुरू केली आहे. ओसीआय कार्डधारकांना भारतात फास्ट ट्रॅक ई-गेटची सोय आहे, मुंबईत ती जानेवारी २०२५ पासून आली. सोय चांगली आहे, पण ज्यांना पुढे नागरिकत्वाचा अर्ज करायचाय त्यांनी प्रत्येक प्रवासाचा बोर्डिंग पास आणि ई-तिकीट पीडीएफ करून ठेवावं. परदेशी पासपोर्टवर येणाऱ्यांना १ ऑक्टोबर २०२५ पासून ई-अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं. त्याची प्रतही त्याच फोल्डरमध्ये टाका.

व्हिसाचा मुद्दा याहून नाजूक आहे. कलम ५ मध्ये ‘अवैध स्थलांतरित नसलेली व्यक्ती’ असे शब्द आहेत. अवैध स्थलांतरित म्हटलं की लोकांना रात्री सीमा ओलांडणारा माणूस आठवतो. पण कायद्याच्या व्याख्येत कायदेशीर पासपोर्टवर येऊन परवानगीच्या मुदतीपेक्षा जास्त राहिलेला माणूसही येतो. व्हिसा १० तारखेला संपला आणि वाढीचा अर्ज १९ ला केला, तर मधल्या नऊ दिवसांत तुमची सूनबाई याच व्याख्येत बसते. दंड भरून ते दिवस नियमित करून घेता येतात, पण पुढे फाइलमध्ये प्रश्न येतोच. आणि १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या इमिग्रेशन अँड फॉरेनर्स कायद्यात मुदतीपेक्षा जास्त राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि तीन लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. परकीयांविषयीचे १९२०, १९३९, १९४६ आणि २०००चे चार जुने कायदे जाऊन त्यांच्या जागी हा एकच आला.

त्या नऊ दिवसांत बाळ जन्मलं तर काय? हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं म्हणून ठळकपणे सांगतो. ३ डिसेंबर २००४ पासून भारतात जन्मलेलं मूल जन्माने नागरिक ठरण्यासाठी दोन्ही पालक भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा ‘जन्माच्या वेळी अवैध स्थलांतरित नसलेला’ हवा. म्हणजे आईच्या व्हिसाची मुदत बाळंतपणाच्या तारखेला चालू आहे का, यावर बाळाचं नागरिकत्व अवलंबून असतं. सातव्या महिन्यात डोहाळजेवणाची यादी करताना व्हिसाची तारीखही बघून घ्या. बाळाच्या जन्मदाखल्याबरोबर आईच्या त्या वेळच्या व्हिसाची आणि निवास परवान्याची प्रत कायमची जोडून ठेवा. अठरा वर्षांनी कुणी विचारलं तर हाच कागद बोलेल.

भारतीयाच्या जोडीदाराला मिळतो तो एंट्री व्हिसा, म्हणजे एक्स व्हिसा. टुरिस्ट व्हिसावर येऊन इथे लग्न केलं तरी तो बदलून एक्स करता येतो. अर्ज एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंदणी करणाऱ्या कार्यालयाच्या, ई-एफआरआरओ पोर्टलवर करायचा. मुंबईचं एफआरआरओ ऑफिस सीएसएमटीजवळ, झेवियर्स कॉलेजच्या मागे बद्रुद्दीन तय्यबजी मार्गावर आहे, पण सगळं काम ऑनलाइन चालतं; बोलावल्याशिवाय तिथे हेलपाटे घालण्यात अर्थ नाही. व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल आणि त्यावर नोंदणीची अट असेल तर आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करायची. व्हिसावर ‘प्रत्येक वेळी १८० दिवसांपेक्षा जास्त राहू नये’ असं छापलेलं असेल तर तीही अट पाळायची असते. पाच वर्षांचा व्हिसा म्हणजे पाच वर्षं सलग राहायची मोकळीक, असं समजू नका. मुदतवाढीचा अर्ज दीड-दोन महिने आधी टाका. पत्ता बदलला की कळवा. परदेशी माणूस घरी राहायला आला की घरमालकाने चोवीस तासांत भरायचा जो फॉर्म, ज्याला सगळे अजून सी-फॉर्मच म्हणतात, तो फक्त हॉटेलांसाठी नाही, राहत्या घरालाही लागू आहे. सासरच्या घरालाही. एक्स व्हिसावर नोकरी करता येत नाही, त्यासाठी व्हिसा बदलून घ्यावा लागतो.

हे सगळं टाळायचं असेल तर ओसीआय कार्ड. नोंदणीकृत विवाह सलग दोन वर्षं टिकलेला असला की भारतीयाच्या परदेशी जोडीदाराला अर्ज करता येतो; भारतात भरायची फी १५,००० रुपये. आईवडील, आजीआजोबा किंवा पणजोबा-पणजी यांच्यापैकी कुणी पाकिस्तान वा बांगलादेशचं नागरिक असेल तर मात्र ओसीआय मिळत नाही. कार्ड मिळालं की एफआरआरओची नोंदणी, मुदतवाढ, सगळी कटकट संपते. मतदानाचा हक्क नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि पत्रकारिता किंवा संशोधनासारख्या काही कामांना वेगळी परवानगी लागते.

नागरिकत्वाच्या दृष्टीने ओसीआयचा फायदा असा की कलम ५(१)(जी) मध्ये सहा-वर्षं-आठ-वर्षांची ती अट नाही. लग्नाची दोन वर्षं, कार्डाची पाच वर्षं, आणि शेवटचे बारा महिने भारतात. कायद्याच्या मजकुरात कार्ड वंशामुळे मिळालं की लग्नामुळे, असा भेदही नाही. ज्यांचं कामाच्या निमित्ताने सतत येणंजाणं आहे त्यांनी हेच दार निवडावं. कार्डाची तारीख जितकी आधी तितकं बरं, म्हणून दोन वर्षं भरली की लगेच अर्ज करा. लग्नाच्या पाचव्या वाढदिवसाची वाट बघत बसू नका.

पण लग्नावर मिळालेलं ओसीआय हे लग्नाबरोबरच जातं. घटस्फोट झाला तर ते रद्द होऊ शकतं. नोंदणीने मिळालेलं नागरिकत्व घटस्फोटाने जात नाही. परदेशी सुनेने नागरिकत्व घ्यावं की ओसीआयवर भागवावं या प्रश्नात मला सगळ्यात वजनदार वाटतो तो हाच मुद्दा. एक्स व्हिसाच्या वाढीला नवऱ्याचे कागद लागतात, नागरिकत्वाच्या अर्जाला नवऱ्याच्या भारतीयत्वाचा पुरावा लागतो. संसार चांगला चाललाय तोवर यात अडचण दिसत नाही. बिनसलं की त्या बाईचा पाय कुठेच टेकत नाही. म्हणून प्रत्येक परदेशी सुनेने विवाह प्रमाणपत्राची मूळ प्रत, नवऱ्याच्या पासपोर्टची आणि जन्मदाखल्याची साक्षांकित प्रत स्वतःच्या ताब्यात ठेवावी. यात सासरच्यांवर अविश्वास दाखवण्यासारखं काही नाही. त्यांनीच हे कागद तिच्या हातात द्यावेत.

विवाह प्रमाणपत्राबद्दल थोडं. दोघं वेगळ्या धर्मांची असतील तर हिंदू विवाह कायदा लागू होत नाही, कारण त्यात दोघंही हिंदू असावी लागतात. भटजींनी लावलेल्या लग्नाचे फोटो कितीही सुंदर असले तरी सरकारी कामाला उपयोगी नाहीत. विशेष विवाह कायदा १९५४ हा सरळ मार्ग. दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात तीस दिवस वास्तव्य हवं, मग नोटीस, तीस दिवसांची मुदत, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न. परदेशी पक्षाच्या अविवाहित असल्याचा दाखला त्याच्या दूतावासाकडून लागतो. जन्मदाखला ज्या देशाचा, अपोस्टिल (कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून लागणारं सरकारी प्रमाणीकरण) त्याच देशातून करून आणावं लागतं. मुंबईत होत नाही. लग्नासाठी येतानाच दोन-तीन प्रती अपोस्टिल करून आणल्या तर पुढची दहा वर्षं चिंता नाही.

नावाचा घोळ हा आपल्या मराठी घरांचा खास. पासपोर्टवर ‘आना मारिया श्मिट’. लग्नात नाव बदललं, तांदळात ‘अनघा’ लिहिलं. आधारवर सासऱ्यांनी हौसेने ‘अनघा सचिन कुलकर्णी’ करून आणलं, बँकेत ‘आना कुलकर्णी’. चार नावं, चार बायका. नवऱ्याचं नाव मधे घालायची आपली पद्धत परदेशी पासपोर्टला माहीत नसते आणि गृह मंत्रालयाच्या फाइलला मान्य नसते. नागरिकत्वाचं प्रमाणपत्र हातात येईपर्यंत प्रत्येक कागदावर परदेशी पासपोर्टवरचंच नाव, त्याच स्पेलिंगने. मग हवं तर राजपत्रात जाहिरात देऊन बदला.

आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. मागच्या बारा महिन्यांत १८२ दिवस राहिलेल्या परदेशी माणसालाही आधार मिळतं, ते व्हिसाच्या मुदतीपुरतं असतं आणि ओसीआयवाल्यांना दहा वर्षांचं. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही एका जामीन अर्जावर निकाल देताना सांगितलं की आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र असलं म्हणून कुणी भारतीय नागरिक ठरत नाही. पण अडचण दुसऱ्याच बाजूने येते. मतदारयादीचं काम चालू असतं, बीएलओ (मतदारयादीचं काम करणारा कर्मचारी) दारात येतो, घरातलं कुणीतरी सगळ्यांची नावं सांगताना सुनेचंही सांगतं आणि मतदार नोंदणीचा नमुना ६ भरून टाकतं. त्या फॉर्मवर ‘मी भारतीय नागरिक आहे’ असं घोषणापत्र असतं. ते खोटं ठरतं, आणि खोट्या घोषणेला लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद आहे. पोलीस चौकशीत मतदार कार्ड निघालं की नागरिकत्वाचा अर्ज तिथेच रुतून बसतो. असं कार्ड आधीच निघालं असेल तर लपवू नका. नाव वगळण्याचा अर्ज करा, पोच घ्या, आणि मग पुढे जा.

अर्ज भरायचा केंद्रीय गृह मंत्रालयाच्या पोर्टलवर, आणि त्याची छापील प्रत कागदांसह जाते जिल्हाधिकाऱ्यांकडे. मुंबईत जिल्हे दोन. कुलाब्यापासून माहीम आणि शीवपर्यंत मुंबई शहर, त्याची कचेरी फोर्टमध्ये जुन्या कस्टम हाउसमध्ये. वांद्रे आणि कुर्ल्यापासून दहिसर आणि मुलुंडपर्यंत उपनगर, त्याची कचेरी वांद्रे पूर्वेला शासकीय वसाहतीत, चेतना कॉलेजजवळ. माहीमचा माणूस खाडी ओलांडून वांद्र्याला राहायला गेला की जिल्हा बदलतो. दहिसरहून मीरा रोडला गेला तर ठाणे जिल्हा. अर्ज चालू असताना जिल्हा बदलला तर चौकशी नव्याने सुरू होण्याची शक्यता असते. भाड्याच्या घरात असाल तर अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सऐवजी दोन-तीन वर्षांचा नोंदणीकृत करार करून घ्या आणि मगच अर्ज टाका.

५(१)(सी) च्या अर्जाला मुख्य कागद मोजकेच: चालू परदेशी पासपोर्ट, चालू निवास परवाना, विवाह प्रमाणपत्र, जोडीदाराच्या नागरिकत्वाचा पुरावा म्हणून त्याचा भारतीय पासपोर्ट किंवा जन्मदाखला, आणि फीचं चलन. यातल्या ‘चालू’ या शब्दाकडे लक्ष द्या. अर्ज मंजूर होईपर्यंत पासपोर्ट आणि परवाना दोन्ही जिवंत हवेत. अर्ज केलाय ना, आता कशाला व्हिसा वाढवायचा, या विचाराने फाइली अडकल्या आहेत. अर्जात आणखी एक लेखी हमी द्यावी लागते: मंजुरी मिळाली तर मूळ देशाचं नागरिकत्व सोडीन.

मग चौकशी. स्थानिक पोलीस ठाण्याचा माणूस घरी येतो, शेजाऱ्यांना विचारतो, गुप्तवार्ता शाखेकडून वेगळा अहवाल जातो. कधी येतील ते सांगून येत नाहीत, म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरीला आणि वॉचमनला आधी कल्पना देऊन ठेवा. ‘अशी कुणी इथे राहत नाही’ एवढं एक वाक्य अहवालात गेलं की सहा महिने गेले. नियमाप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांनी ६० दिवसांत अहवालासह अर्ज राज्य सरकारकडे पाठवायचा, आणि राज्याच्या गृह विभागाने ३० दिवसांत केंद्राकडे. प्रत्यक्षात याहून बराच जास्त वेळ जातो, आणि दिल्लीतल्या टप्प्याला तर कालमर्यादाच नाही. प्रत्येक टप्प्यावर आवक-जावक क्रमांक मिळवा. फाइल कुठे आहे हे कळेना तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका, पण तो भारतीय जोडीदाराच्या नावाने. माहितीचा अधिकार नागरिकांनाच आहे. परदेशी अर्जदाराने स्वतःच्या फाइलबद्दल विचारलं तर अर्ज त्याच कारणाने परत येऊ शकतो.

दिल्लीहून स्वीकृतीचं पत्र येतं तेव्हा घरात पेढे वाटले जातात. सगळ्यात धोक्याचा टप्पा मात्र इथे सुरू होतो. आता मूळ नागरिकत्व सोडल्याचा पुरावा द्यायचा असतो, आणि प्रत्येक देशाची तऱ्हा वेगळी. जपानी माणसाने स्वेच्छेने दुसरं नागरिकत्व घेतलं की जपानी नागरिकत्व आपोआप जातं. ब्रिटनमध्ये आधी सोडता येतं आणि सहा महिन्यांत दुसरं मिळालं नाही तर ते सोडलंच नव्हतं असं धरलं जातं. ही सोय फार शहाणपणाची आहे. अमेरिकन नागरिकाला वकिलातीत प्रत्यक्ष जाऊन शपथ घ्यावी लागते, आणि नागरिकत्व गेल्याचं प्रमाणपत्र नंतर येतं. इराणमध्ये वय पंचवीस पूर्ण हवं आणि मंत्रिमंडळाची परवानगी लागते. म्हणून आपल्या देशाच्या वकिलातीत ही चौकशी भारतातला अर्ज करतानाच करून ठेवा: किती दिवस लागतात, फी किती, कर थकबाकी नसल्याचा दाखला लागतो का. पत्र येण्याआधी नागरिकत्व मुळीच सोडू नका. पत्र आल्यावर सोडायला वेळ लागणार असेल तर वकिलातीचं तसं पत्र घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयाला लेखी कळवा. जुनं गेलं आणि नवं यायचंय अशा मधल्या काळात माणूस कुठल्याच देशाचा नसतो. त्या काळात प्रवास शक्य नाही, तेव्हा तो जितका छोटा करता येईल तितका करायचा.

त्यानंतर राज्यघटनेशी निष्ठेची शपथ, आणि नोंदणीचं प्रमाणपत्र. प्रमाणपत्रावरची तारीख हीच नागरिकत्वाची तारीख. ओसीआय कार्ड असेल तर परत करायचं, एफआरआरओला कळवायचं, आधारमधली परदेशी म्हणून असलेली नोंद बदलून घ्यायची. भारतीय पासपोर्टच्या अर्जात ‘नागरिकत्व कशाने’ या प्रश्नाला जन्माने, वंशाने, नोंदणीने, देशीयीकरणाने असे पर्याय असतात. सवयीने ‘जन्माने’ वर टिचकी पडते आणि सेवा केंद्रात अर्ज अडकतो. ‘नोंदणीने’ निवडा, मूळ प्रमाणपत्र बरोबर न्या. मतदार नोंदणीचा नमुना ६ आता हक्काने भरा.

कलम ६ खालचं देशीयीकरण, म्हणजे लग्नाशी संबंध नसलेला मार्ग, यात चौदांपैकी अकरा वर्षं अधिक शेवटचं एक वर्ष लागतं आणि आठव्या परिशिष्टातली एक भाषा यावी लागते. मराठी चालते. जोडीदारांना त्याची सहसा गरज पडत नाही. २०१९च्या दुरुस्तीखालचे (सीएएखालचे) अर्ज, ज्यांचे नियम मार्च २०२४ मध्ये आले, ते पूर्ण वेगळ्या समितीकडे जातात; त्यांना इथला हिशेब लावू नका.

नोंदणीने नागरिक झालेल्यांना कलम १० लागू असतं, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं. माहिती लपवून किंवा खोटी देऊन मिळवलेलं नागरिकत्व केव्हाही काढून घेता येतं. नोंदणीनंतर पाच वर्षांच्या आत दोन वर्षं किंवा जास्त कैदेची शिक्षा झाली तरी. आणि सलग सात वर्षं भारताबाहेर राहिलात तरीही. शिकायला गेलेले, सरकारी किंवा भारत सदस्य असलेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नोकरीत असलेले यातून सुटतात. बाकीच्यांनी दरवर्षी भारतीय वकिलातीत जाऊन ‘नागरिकत्व राखायचा इरादा आहे’ अशी नोंद करायची असते. नवऱ्याची बदली दुबईला झाली, मुलांच्या शिक्षणासाठी मुक्काम वाढत गेला, तर ही वार्षिक नोंद चुकवू नका, आणि दर वर्षीची पोच प्रमाणपत्राच्या फाइलला लावत जा.